नागपूरहून नाशिकला जाऊन एकाच प्लॉटची वाईन कशी चाखायची, कशी घ्यायची अन् आपल्या उन्हाळ्यात कशी सांभाळायची

समृद्धी झाल्यापासून नाशिकला वाईनसाठी जाणारे नागपूरकर भरपूर वाढलेत, पण बहुतेकांचं काय होतं तर मोठ्या वायनरीत जायचं, फोटो काढायचे, पिझ्झा खायचा अन् जी बाटली आपल्या धरमपेठेत पण मिळते तीच डिक्कीत टाकून परत यायचं. सहाशे किलोमीटर जातच आहात तर राजेहो, असं काही आणा जे इथं मिळत नाही. छोट्या उत्पादकाची, एकाच प्लॉटमधल्या द्राक्षांची वाईन आणा. अन् ती एकटी आणू नका, त्याच माणसानं त्याच जातीच्या द्राक्षाची केलेली साधी वाईन पण सोबत घ्या, शक्य झालं तर त्याच वर्षाची. ही जोडी जमली तरच त्या प्लॉटचं वेगळेपण जिभेला कळतं, नाहीतर नुसती महाग बाटली प्यायल्यासारखं होते. खाली जे लिहिलंय ते सगळं या जोडीभोवतीच आहे.

एकाच प्लॉटची म्हणजे नेमकं काय

वायनरी साधारणपणे दहा ठिकाणची द्राक्षं आणते, स्वतःची थोडी, शेतकऱ्यांकडून करारावर घेतलेली बाकीची, अन् सगळं मिसळून एकसारखी चव बसवते. त्यात वाईट काहीच नाही, दरवर्षी तीच चव देणं हे पण कसबच आहे. सिंगल व्हिनयार्ड वाईनमध्ये मात्र सगळी द्राक्षं एकाच वावरातली. ती वेगळी तोडतात, वेगळ्या टाकीत आंबवतात, वेगळी बाटलीत भरतात. हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये, काटोल-नरखेडकडे एकाच गावात या धुऱ्याचा संत्रा गोड अन् त्या धुऱ्याचा आंबूस निघतो अन् व्यापारी बगीचा पाहूनच भाव ठरवतो, तसंच ते.

याचं सगळ्यात जुनं अन् बारीक काम फ्रान्सच्या बर्गंडीत झालं. तिथं १२४७ प्लॉट नावानिशी वेगळे मानलेले आहेत, त्यांना ते क्लिमा म्हणतात, अन् २०१५ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पण तिथलीच अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. क्लो द व्हुजो नावाचा साधारण ५० हेक्टरचा एक प्रसिद्ध प्लॉट आहे, त्याचे मालक ऐंशीच्या आसपास, अन् प्रत्येकाची वाईन वेगळी, कोणाची जबरदस्त तर कोणाची साधीच. म्हणजे नुसतं प्लॉटचं नाव पाहून पैसे मोजायचे नाहीत, हात कोणाचा आहे ते आधी पाहायचं.

लेबलवरच्या शब्दांनी पण फसायला होतं. इस्टेट म्हणजे बाग वायनरीच्या स्वतःच्या मालकीची किंवा ताब्यातली, पण त्यात चार-पाच प्लॉट मिसळलेले असू शकतात. रिझर्व्ह या शब्दाला स्पेनमध्ये कायद्याचा अर्थ आहे, रेड रिझर्वा म्हणजे कमीत कमी ३६ महिने मुरवलेली अन् त्यातले १२ महिने ओकच्या लाकडी पिंपात, पण इतर बऱ्याच देशांत तो नुसता शोभेला लावतात. अमेरिकेत लेबलवर बागेचं नाव छापायचं असेल तर ९५ टक्के द्राक्षं त्याच बागेतली लागतात. नाशिकला गेल्यावर हे सगळं सोडा अन् सरळ विचारा, "भाऊ, यातली सगळी द्राक्षं एकाच प्लॉटची आहेत का, अन् तो प्लॉट कोणता?" ज्याचा खरा प्लॉट आहे तो माणूस हात करून दाखवतो, कधी कधी चालत घेऊन पण जातो.

कधी जायचं

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. हे मी ठासून सांगतो, बाकी महिने दुय्यम. आपल्याकडे द्राक्षाच्या वेलीला वर्षातून दोन छाटण्या होतात, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी अन् सप्टेंबर-ऑक्टोबरला फळासाठीची गोडी छाटणी, अन् पीक एकदाच घेतात, जानेवारी ते मार्च. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते, आपली थंडीत. म्हणून फेब्रुवारीत गेलात तर वेलीवर माल दिसतो, क्रेट भरताना दिसतात, टाकीत रस उकळल्यासारखा बुडबुडे काढताना दिसतो. पांढऱ्या वाईनची द्राक्षं आधी निघतात, शिराझ, कॅबर्ने वगैरे लाल नंतर. मालक मात्र तेव्हा खूप बिझी असतो हे ध्यानात ठेवा. त्याला अर्धा तास मिळाला तरी खूप आहे, तो नीट वापरा.

दुसरं कारण आपलं हवामान. फेब्रुवारीत गाडीत बाटल्या तापत नाहीत अन् नागपूरच्या घरात पण होळीपर्यंत फारशी काळजी लागत नाही. मे महिन्यात कुठूनही वाईन आणायची म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं.

वर्षाचा पण विचार करा. लेबलवर जे साल असते ते तोडणीचं साल, म्हणजे २०२० लिहिलं असेल तर तो माल २०१९ च्या गोडी छाटणीनंतर धरलेला. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला नाशिककडे अवकाळी पावसानं द्राक्षबागांचं प्रचंड नुकसान केलं होतं, फुलोऱ्यात पाणी, मग डाऊनी, मग भुरी असे बुरशीचे रोग. अशा वर्षी कोणी प्लॉटची वेगळी वाईन काढली असेल तर ती का काढली हे आवर्जून विचारा, अन् नसेल काढली तर त्या माणसावर जास्त भरवसा ठेवा, कारण खराब वर्षात प्लॉटचं नाव न छापायला हिंमत लागते.

फोनवर आधी काय बोलून घ्यायचं

छोट्या उत्पादकाकडे टेस्टिंग रूम रोज उघडी असेलच असं नाही. किमान आठवडाभर आधी फोन करा अन् पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही नागपूरहून येतोय, पार्टीसाठी नाही, तुमची प्लॉटची वाईन अन् साधी वाईन शेजारी शेजारी ठेवून चाखायची आहे, काही बाटल्या घ्यायच्या आहेत. याचा फायदा असा की तो बाटल्या त्या दिवशी ताज्या उघडून ठेवतो. टेस्टिंग रूमच्या काउंटरवर दोन दिवसांपासून उघडी असलेली बाटली चाखली तर वाईन नव्हे, शिळेपणा चाखता तुम्ही.

कुठं जायचं याचं थोडक्यात, गंगापूर धरणाच्या बाजूला गर्दी जास्त, तिथं मोठी नावं. दिंडोरी, निफाड-विंचूर अन् इगतपुरी-घोटीकडची बाजू वेगवेगळी आहे. विंचूरला एमआयडीसीचा वाईन पार्क आहे. इगतपुरीकडे पाऊस प्रचंड अन् हवा गार, निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात पेपरात येतोच. दिवसा तीसच्या जवळ अन् रात्री दहाच्या खाली असा फरक पडला की द्राक्षात साखर भरते पण आंबटपणा टिकून राहते, अन् वाईनला हाच आंबटपणा जिवंत ठेवतो. एका ट्रिपमध्ये दोनच ठिकाणं करा, सकाळी एक, दुपारनंतर एक. चार केलीत तर तिसऱ्यापासून जिभेला काहीच कळत नाही अन् सगळंच छान लागायला लागते.

परमिट, वर्धा जिल्हा अन् ड्रायव्हर

हा भाग कंटाळवाणा आहे पण हाच सगळ्यात जास्त लोक विसरतात. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला, न्यायला परमिट लागते अन् वाईन पण त्यात आली. एक दिवसाचं, वर्षाचं, आयुष्यभराचं असं मिळते, काढून ठेवा. परमिटवर किती बाटल्या बाळगता येतात त्याला मर्यादा असते, ती राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ऑफिसातून विचारून घ्या, खरेदी त्या हिशोबात करा.

आता वर्धा. वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे अन् समृद्धी नागपूर सोडली की वर्ध्यातूनच जाते. जुन्या अमरावती रोडनं आलात तरी कारंजा घाडगे अन् तळेगाव वर्ध्यातच येतात. म्हणून निघायच्या आधी उत्पादन शुल्कच्या ऑफिसात जाऊन विचारा की सीलबंद बाटल्या बिलासकट या जिल्ह्यातून न्यायला काय कागद लागतो, अन् तो कागद घेऊनच जा. कागदाच्या भानगडीत पडायचं नसेल तर परत येताना समृद्धी अमरावती जिल्ह्यातच सोडायची अन् अमरावतीहून मोर्शी, वरूड, जलालखेडा, काटोल करत नागपूर गाठायचं. वेळ जास्त लागतो पण रस्ता संत्र्याच्या बगिच्यांतून जातो अन् डोक्याला ताप नाही. ट्रेननं यायचं म्हणाल तर ती पण वर्ध्यावरूनच येते, म्हणून मी बाटल्यांसाठी ट्रेन सुचवत नाही. कुरियरनं पाठवा म्हणून उत्पादकाच्या मागे लागू नका, दारूच्या वाहतुकीला वेगळे परवाने लागतात अन् छोटा माणूस त्यात विनाकारण अडकतो.

ड्रायव्हर ठरवून घ्या अन् त्यानं चाखायचं नाही. थुंकून पण नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे अन् समृद्धीवर ताशी १२० नं गाडी चालवायची आहे. त्याच्यासाठी त्याच्या वाट्याची बाटली घरी उघडा.

आधी बाग, मग ग्लास

पोचल्यावर लगेच ग्लास हातात घेऊ नका. मालकाला म्हणा, "दादा, आधी प्लॉट दाखवता का?" अन् बागेत गेल्यावर खाली पाहा. माती काळी, चिकट, भेगाळणारी आहे की मुरमाड, लालसर, पाणी झिरपून जाणारी. वाईनच्या वेलीला फार कसदार जमीन चालत नाही, वेल पानावर जाते, घड मोठे होतात अन् रस पाणचट. खायच्या द्राक्षाला मण्याचा आकार पाहिजे, वाईनच्या द्राक्षाला साल अन् रस यांचं प्रमाण पाहिजे, म्हणून मणी लहान, साल जाड, आत बी. उतार आहे का, सकाळचं ऊन कोणत्या बाजूनं पडते, ठिबकचं पाणी तोडणीआधी किती दिवस बंद केलं, हे विचारा. ताण देणं म्हणजे काय ते विदर्भातल्या माणसाला शिकवायला नको.

अन् तोडणी चालू असेल तर परवानगी घेऊन एक मणी तोंडात टाका, पण द्राक्ष खाल्ल्यासारखा गिळू नका. आधी रस, त्याची गोडी अन् आंबटपणा. मग साल दाढेखाली घ्या अन् चावत राहा, शिराझची साल असेल तर जीभ जांभळी होते अन् हळूहळू तुरटपणा येतो, तो तुरटपणा कच्च्या केळीसारखा घशात अडकतो की मऊ राहतो ते बघा. शेवटी बी तळहातावर काढा. हिरवट असेल तर माल अजून कच्चा आहे, तपकिरी असेल अन् दाताखाली कट्कन फुटत असेल तर पिकलाय. नंतर त्याच प्लॉटची बाटली चाखताना ही साल अन् हे बी आठवते, अन् वाईनमधला तुरटपणा द्राक्षाचा आहे का लाकडी पिंपाचा हे ओळखायला त्याची फार मदत होते.

मग आकडे विचारा. वेली कोणत्या साली लावल्या? राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ ला आलं अन् त्यानंतर वाईनच्या द्राक्षाच्या पुष्कळ बागा लागल्या, पुढे मंदी आली तेव्हा बऱ्याच उपटल्या पण गेल्या, त्यातून टिकलेला वीस वर्षांच्या पुढचा प्लॉट सापडला तर त्याची वाईन नक्की चाखा. एकरी किती टन काढलं? तोडणीला ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, किती होतं? ब्रिक्सला ०.५५ नं गुणलं की साधारण अल्कोहोलची टक्केवारी येते, २४ ब्रिक्स म्हणजे १३ च्या थोडं वर, लेबलशी ताडून पाहा.

अन् सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, या लॉटच्या बाटल्या किती झाल्या? एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. समजा प्लॉट एक एकराचा अन् माल ४ टन निघाला, तर बाटल्या होतात ३२०० च्या आसपास. २२५ लिटरच्या एका पिंपातून ३०० बाटल्या भरतात, म्हणजे तो म्हणत असेल की हे फक्त दोन पिंपांत मुरवलंय तर त्या ६०० च्या आसपासच असायला पाहिजेत. एक एकरातून दहा हजार बाटल्या निघाल्या म्हणत असेल तर मग हिशोब जमत नाही, तिथं साधी वाईन घ्या अन् पुढे चला. चांगल्या उत्पादकाला हे प्रश्न आवडतात, तो उलट खुलतो, कारण रोज त्याला गोड वाईन कोणती एवढंच विचारणारे लोक भेटत असतात.

चाखणं

सकाळी अकराच्या आसपास, पोट रिकामं पण नाही अन् भरलेलं पण नाही. परफ्युम मारून जाऊ नका. अन् खर्रा, भाऊ, त्या दिवशी सकाळपासून बंद, बडीशेप पण नाही. खर्रा खाऊन वाईनचा तुरटपणा कळतच नाही कारण तोंड आधीच चुना अन् सुपारीनं बधिर झालेलं असते.

दोन ग्लास मागा, एकसारखे. एकात साधी, एकात प्लॉटची, दोन्हीत ३० मिली. पांढऱ्या आधी, लाल नंतर, गोड सगळ्यात शेवटी. प्रत्येक जोडीत आधी साधी. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग बघा, पण त्यावर वेळ घालवू नका, रंगावरून फार कमी कळते. वासाला वेळ द्या. न हलवता एकदा, मग गोल फिरवून एकदा. पांढऱ्यातल्या सोव्हिन्यों ब्लांकला कैरी, पेरू, नुकतं कापलेलं गवत, कधी हिरवी ढोबळी मिरची. पांढऱ्यातल्याच शेनिन ब्लांकला सफरचंद, पिकलेला पेरू, थोडा मध. शिराझला जांभूळ अन् काळी मिरी. हे शब्द पाठ करायची गरज नाही, तुमच्या नाकाला अमृतकोकम वाटलं तर तेच लिहा, वहीत लिहा, फोनमध्ये नाही, फोन काढला की लक्ष जाते.

घोट घेतल्यावर तोंडभर फिरवा, थोडी हवा ओढा, अन् थुंका. थुंकायचं भांडं ठेवलेलं असते, लाजायचं काही कारण नाही, धंद्यातले सगळे थुंकतात. थुंकल्यावर मनात आकडे मोजा, चव किती वेळ राहते. साधी अन् प्लॉटची यात मुख्य फरक तुम्हाला इथं सापडेल. साधी वाईन पहिल्या क्षणाला जास्त आवडू शकते, ती तशीच बनवलेली असते, सरळ, फळाची. प्लॉटची कधी सुरुवातीला बंद वाटते, मग दहा-पंधरा मिनिटांनी ग्लासात उघडते. म्हणून दोन्ही ग्लास लगेच संपवू नका, वीस मिनिटांनी परत त्यांच्याकडे या. वीस मिनिटांनी साधी विरून गेली अन् प्लॉटची वाढली असेल तर ती घ्यायची. उलट झालं असेल तर किंमत कितीही भारी वाटू द्या, सोडा.

तापमान तपासा. खूप गार वाईनमध्ये दोष पण लपतात अन् गुण पण, ग्लास दोन्ही हातात धरून जरा ऊब द्या. लाल वाईन कोमट वाटली तर थंड करून द्या म्हणा. दोष ओळखायचे चारच पुरे. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास म्हणजे बुचाची बाधा, दुसरी बाटली मागा. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर म्हणजे वाईन आंबत चालली. कापून ठेवलेल्या काळ्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागली. शिजवलेल्या जॅमसारखी, वास मेलेली म्हणजे कुठंतरी उन्हात तापली. काडेपेटीचा किंवा सडक्या अंड्याचा हलका वास आला तर घाबरू नका, स्क्रू कॅपच्या बाटलीत तो असतो अन् ग्लास हलवला की बरेचदा निघून जातो.

घेताना

जेवणाआधी ठरवा. जेवणानंतर, तेही बागेत बसून, सगळंच घ्यावंसं वाटते. बजेट दहा हजार असेल तर सगळं प्लॉटच्या वाईनवर टाकू नका. प्लॉटच्या तीन अन् त्याच जातीच्या साध्या दोन, बाकी पैसे दुसऱ्या ठिकाणासाठी ठेवा. तीन का? एक या महिन्यात साध्यासोबत उघडायला, एक पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या साध्यासोबत, अन् तिसरी दोन वर्षांनी, तीही घरी गार जागा असेल तरच. पांढरी वाईन मुरवायच्या भानगडीत बहुतेकांनी पडू नये, वर्ष-दीड वर्षात प्या.

लेबलमागचा बॅच नंबर पाहा अन् तुम्ही चाखलेल्या बाटलीशी जुळवा. खोका कुठून काढून आणला ते पण बघा, पत्र्याच्या शेडमधून आणला की गार खोलीतून. बाटलीतली पातळी मानेपर्यंत पाहिजे, बूच वर आलेलं नको, कॅपखाली चिकट ओघळ नको. बिल घ्या, त्यावर बाटल्यांची संख्या अन् नाव नीट लिहून घ्या, रस्त्यात तेच कामी येते. घासाघीस मी सुचवत नाही. ६०० बाटल्या काढणाऱ्या माणसाकडे सूट मागण्यापेक्षा त्याच्याकडे जुन्या वर्षाची एखादी बाटली शिल्लक आहे का विचारा, ती मिळाली तर सवलतीपेक्षा मोठी गोष्ट मिळाली.

गाडीत अन् नागपूरच्या घरात

डिक्कीत नाही, मागच्या सीटखाली, एसी लागतो तिथं. थर्माकोलचा खोका, सोबत बर्फाचे जेल पॅक, बाटलीला वर्तमानपत्र. उन्हात उभ्या गाडीत तापमान पन्नास-साठच्या घरात जाते, म्हणून जेवायला थांबलात तर सावली शोधा नाहीतर आळीपाळीनं जेवा. घरी आणल्यावर लाल वाईनला आठवडाभर शांत पडू द्या.

घरात ठेवायला १२ ते १५ डिग्री उत्तम. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ असते, कुलर लावलेल्या खोलीत सुद्धा तीसच्या वर, अन् दिवसा कुलर बंद असला तर अजून वर. बैठकीच्या शोकेसमध्ये सजवून ठेवलेली वाईन दोन उन्हाळ्यांत मरते, हे मी आपल्या लोकांच्या घरी इतकं पाहिलंय की जीव हळहळतो. वाईनचा छोटा फ्रिज घेणं जमत असेल तर घ्या. नसेल तर आपला साधा फ्रिज, खालचा कप्पा, मागच्या बाजूला, बुचाची असेल तर आडवी. चार डिग्री वाईनला जरा जास्तच गार आहे, पण काही महिने चालते, चाळीसपेक्षा हजारपट बरं. फ्रिजमध्ये जागा नाही तर सरळ हिशोब करा, होळीपर्यंत जेवढ्या पिऊन होतील तेवढ्याच आणा.

घरची टेस्टिंग

आठ जण बोलवा, दोन बाटल्या उघडा, प्रत्येकाला दोन्हीचे ९० मिलीच्या आसपास येते. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा, एकीला अ, दुसरीला ब. लाल वाईन नागपूरच्या खोलीच्या तापमानाला देऊ नका, आधी अर्धा तास फ्रिजमध्ये, १६ ते १८ डिग्रीला आणा. पांढरी फ्रिजमधून दहा मिनिटं आधी काढा. त्या खोलीत अगरबत्ती नको, फोडणी नको. तोंड साफ करायला साधे मुरमुरे अन् पाणी.

अन् हा खेळ नक्की करा, प्रत्येकाला तीन ग्लास द्या, दोनात एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी, वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानं तिघांतला एक बरोबर येतोच, त्यामुळे आठात पाच-सहा जणांना ओळखता आलं तर प्लॉटमध्ये खरंच काहीतरी आहे. दोघा-तिघांनाच जमलं तर पुढच्या वेळी साधीच आणा, तिच्यात कमीपणा काही नाही अन् पैसे वाचतात.

जेवण त्यानंतर. सावजी मटणासोबत तुरट, जास्त अल्कोहोलची लाल वाईन घेतली तर तिखट अजून भडकते अन् वाईन कडू लागते, म्हणून प्लॉटची कॅबर्ने सावजीसोबत वाया घालवू नका. सावजीला हलकी गोडसर शेनिन किंवा गार रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, लावा. पाटोडी रस्सा जरा सौम्य केला तर रोझे मस्त जाते. वडाभाताला, वरून कढवलेलं तेल टाकलेल्या, आंबटसर सोव्हिन्यों ब्लांक लावून पाहा, तेलाचा जडपणा कापते. प्लॉटच्या शिराझला भाजलेलं, कमी तिखटाचं मटण किंवा जिरं-मिरीची वांगी. उरलेली वाईन झाकण लावून फ्रिजमध्ये, लाल पण, तीन-चार दिवसांत संपवा.

दुसऱ्या दिवशी उत्पादकाला व्हॉट्सअॅपवर बॅच नंबर टाकून लिहा की आठ जणांनी चाखली, इतक्यांना फरक ओळखता आला, वीस मिनिटांनी ग्लासात काय झालं, बाटलीत काही दोष होता का. छोट्या उत्पादकाला दुकानदाराकडून असलं कधीच कळत नाही. अन् त्याच मेसेजमध्ये विचारून ठेवा की या प्लॉटचा पुढचा लॉट बाटलीत कधी भरणार, त्यातल्या तीन प्लॉटच्या अन् दोन साध्या नावानं बाजूला ठेवाल का.